बर्लिनची मॅरॅथॉन शर्यत : तयारी आणि प्रवास

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या क्रीडादिनीं जी सर्वांत लांब शर्यत होते ती पंधराशें मीटरांची होय. ती पुरी करून आलेला मुलगा मैदानाच्या कडेस गवतावर आडवा पडून कसा धापा टाकतो, हें आपण दर वर्षीं पाहतों. आतां तीच शर्यत एकापाठोपाठ एक अशी अठ्ठावीस वेळां धांवावयाची आहे, अशी कल्पना करा. म्हणजे मॅरॅथॉन शर्यत किती लांब असते हें ध्यानांत येईल. तिचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर इतकें ठरलेलें आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गानें निघून ठाणें व मुंब्रा मागें टाकीत दिव्याच्या आसपास पोंचावें, एवढें हें अंतर. तें माणसानें स्वतःच्या पायांनीं धांवत कां तोडावें, त्यासाठीं तयारी कशी करावी, आणि हौसेनें परदेशीं जावयाचें झाल्यास कोणती खबरदारी घ्यावी, याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती या लेखांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम या शर्यतीचें मूळ पाहूं. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें ग्रीस देशांतील मॅरॅथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. ही विजयवार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत गेला व ती सांगतांच गतप्राण झाला, अशी कथा आहे. हिरोडोटस या इतिहासकारानें मात्र युद्धापूर्वीं मदत मागण्यासाठीं स्पार्टाकडे धांवलेल्या दूताची हकीकत दिली आहे. अथेन्सच्या धांवेची कथा पुष्कळ शतकांनंतरच्या लेखकांच्या ग्रंथांत आढळते. कथेचा खरेखोटेपणा कांहींही असो, १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले तेव्हां तिच्या स्मरणार्थ सुमारें ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यांत आली व ती स्पिरिडॉन लुई नांवाच्या ग्रीक तरुणानें जिंकली. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली, आणि त्या वेळीं जें अंतर भरलें तेंच १९२१ सालीं कायम ठरविण्यांत आलें. ४२ किलोमीटरांना १९५ मीटरांचें शेंपूट कां, याचें उत्तर हें आहे.

आपल्या इकडील लोकांचा या शर्यतीशीं संबंध आजकालचा नव्हे. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांना सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानांतून कांहीं खेळाडू गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारीं शेतकऱ्यांचीं मुलें पाहून दोराबजींना ही स्फूर्ति झाली होती. त्या संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनमध्यें जगांतील नामांकित धांवपटूंबरोबर धांवून त्यांनीं एकोणिसावा क्रमांक मिळविला. ज्या काळीं आगबोटीचा प्रवास, परकें अन्न आणि पायांत बुटांची संवय नाहीं अशा अडचणी होत्या, त्या काळचें हें यश आहे. म्हणून तें मुलांनीं विसरूं नये.

हल्लीं मॅरॅथॉन ही केवळ निवडक वीरांची शर्यत राहिलेली नाहीं. युरोप व अमेरिका यांतील अनेक शहरांत शरदृतूंत हजारों सामान्य स्त्रीपुरुष ती धांवतात. बर्लिन, शिकागो, ॲमस्टरडॅम व फ्रँकफुर्ट हीं त्यांतील सपाट शहरें होत. यांपैकीं बर्लिनची शर्यत प्रथम १३ ऑक्टोबर १९७४ रोजीं ग्रुनेवाल्ड नांवाच्या अरण्यालगत झाली, आणि तिच्यांत २८६ लोकांनीं भाग घेतला. १९८१ सालीं ती शहराच्या रस्त्यांवर आली. परंतु त्या वेळीं शहराच्या मध्यांतून भिंत गेलेली असल्यामुळें धांवणारांस केवळ पश्चिम भागांतच फिरावें लागे. १९८९ च्या नोव्हेंबरांत भिंत खुली झाली. पुढच्या वर्षीं, ३० सप्टेंबर १९९० रोजीं, म्हणजे दोन्ही जर्मन राष्ट्रें एक होण्याच्या अवघे तीन दिवस आधीं, ही शर्यत ब्रँडेनबुर्ग दरवाजांतून पूर्वेकडे गेली. ज्या दरवाजाजवळ अठ्ठावीस वर्षें शस्त्रधारी पहारा होता, त्यांतून धांवत जातांना पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलें असल्यास नवल नाहीं. २०२४ सालीं या शर्यतींत ५४,२८० लोक शेवटपर्यंत पोंचले.

ही शर्यत वेगवान कां समजली जाते याचीं कारणें साधीं आहेत. आरंभाची जागा समुद्रसपाटीपासून सुमारें ३८ मीटर उंचीवर असून साऱ्या मार्गांत रस्ता ५३ मीटरांच्या वर कोठेंही जात नाहीं. रस्ते रुंद व डांबरी आहेत, आडवळणें थोडीं आहेत, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धांत सकाळची हवा बहुधा दहाबारा अंशांची असते. धांवतांना स्नायूंत पुष्कळ उष्णता उत्पन्न होते व ती बाहेर टाकण्यासाठीं शरीर त्वचेकडे रक्त पाठवितें. हवा थंड असली म्हणजे या कामास थोडें रक्त पुरतें आणि उरलेलें पायांच्या उपयोगी पडतें. याच रस्त्यांवर केनियाच्या एलियुड किपचोगे यांनीं २०२२ सालीं २ तास १ मिनिट ९ सेकंदांत आणि इथिओपियाच्या टिगिस्त असेफा यांनीं २०२३ सालीं २ तास ११ मिनिटें ५३ सेकंदांत शर्यत पुरी करून त्या त्या वेळचे जागतिक उच्चांक स्थापिले.

परंतु सपाट रस्ता जसा मित्र तसाच तो फसवाही आहे. चढ असला म्हणजे माणूस आपोआप वेग आवरतो. उतारावर कांहीं स्नायूंस विसावा मिळतो. सपाटीवर तेच स्नायू, तेंच पाऊल, हजारों वेळां त्याच रीतीनें वापरले जातात. शिवाय आरंभीं अंगांत उत्साह असतो, सभोंवतीं वाद्यें वाजत असतात, व पाय आपल्या ऐपतीबाहेर पळूं लागतात. किपचोगे यांच्यासारख्यानेंही त्या वर्षीं पहिला अर्धा भाग ५९ मिनिटें ५१ सेकंदांत काढला, आणि दुसऱ्या अर्ध्यास ६१ मिनिटें १८ सेकंद लागले. मग नवशिक्यानें सुरुवातीस उधळपट्टी केल्यास पुढें काय होईल हें सांगावयास नको. प्रपंचांतही पहिल्या पंधरवड्यांत पगार संपविणाराची महिनाअखेरीस हीच गत होते!

हा विषय माझ्या मनांत येण्याचें कारण असें कीं, आपल्या शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या आई, ज्या गांवांतील रुग्णालयांत परिचारिका आहेत, त्या २०२५ सालीं या शर्यतीस गेल्या होत्या. त्यांचीं कागदपत्रें पाहून देण्याचें काम मजकडे आल्यामुळें त्यांची सर्व तयारी मला जवळून पाहावयास मिळाली. वय चव्वेचाळीस, पाळीची नोकरी, घरीं वृद्ध सासूबाई, आणि प्रवासासाठीं तीन वर्षें पै-पै करून सांठविलेले पैसे, अशी त्यांची परिस्थिति होती. तेव्हां ही गोष्ट केवळ श्रीमंतांच्या चैनीची आहे असें कोणीं समजूं नये. पण ती सहजसाध्य आहे असेंही समजूं नये.

तयारीचा पहिला नियम हा कीं, घाई करूं नये. ज्यास मॅरॅथॉन धांवावयाची आहे त्यानें आधीं वर्षभर तरी नियमानें धांवून आठवड्यास पंचवीसतीस किलोमीटरांची संवय लावून घ्यावी. चाळिशी उलटलेल्यांनीं, तसेंच ज्यांस रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनीं, प्रथम डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावी. नंतर खास तयारीस सोळा ते अठरा आठवडे लागतात. आठवड्यांतून चार किंवा पांच दिवस धांवावें. त्यांतील बहुतेक धांव इतकी सावकाश असावी कीं, सोबत्याशीं सहज बोलतां यावें. एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पल्ल्याचा, आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. लांब पल्ला थोडथोडा वाढवीत तीस-बत्तीस किलोमीटरांपर्यंत न्यावा व दर चौथ्या आठवड्यास कमी करावा. विश्रांति म्हणजे आळस नव्हे. व्यायामानें स्नायूंची जी झीज होते ती झोपेंत व विसाव्यांत भरून निघते, आणि पहिल्यापेक्षां बळकट भरून निघते. बळ येतें तें या भरून निघण्यानें. शेवटचे तीन आठवडे धांव उतरती ठेवावी. या काळांत नवें बळ येत नाहीं. मात्र मिळविलेलें बळ ताजें होतें.

बर्लिनची शर्यत सप्टेंबरांत असल्यानें आपल्याकडील तयारी उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन सगळ्या पावसाळ्यांतून जाते. बाईंनीं मेच्या तिसऱ्या आठवड्यांत आरंभ केला. त्या वर्षीं मुंबईंत मोसमी पाऊस २६ मे रोजींच दाखल झाला होता. म्हणजे उन्हाची काहिली संपते न संपते तोंच चिखल सुरू झाला. पावसाळ्यांत हवेंत बाष्प इतकें असतें कीं घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाहीं. म्हणून अशा दिवसांत वेग कमी झाला तरी निराश होऊं नये. उष्ण हवेंत कष्ट करण्याची शरीरास संवय झाली म्हणजे रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो व घाम लवकर सुटूं लागतो. हा लाभ थंड देशांत गेल्यावरही कांहीं दिवस टिकतो. भिजलेले बूट उन्हांत किंवा चुलीपाशीं न ठेवतां आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवावेत. पहांटे अंधारांत धांवावयाचें असल्यास पांढरे कपडे घालावेत, दिवा जवळ ठेवावा, आणि समोरून येणारीं वाहनें दिसतील अशा बाजूनें जावें. बाईंच्या घरीं भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. आई रात्रपाळीहून आल्यावर किती किलोमीटर झाले तें मुलगा त्यांत लिही व शनिवारीं बेरीज करी. घरांतील सर्वांचा हातभार असल्यावांचून गृहिणीच्या हातून असलें काम पार पडत नाहीं.

ऑगस्टच्या आरंभीं, शर्यतीस सात आठवडे उरले असतां, बाईंच्या उजव्या पायाची नडगी दुखूं लागली. प्रथम धांवल्यानंतर, मग धांवतांना, मग जिना चढतांनाही दुखे. प्रवेशफी भरलेली, विमानाचें तिकीट काढलेलें, आणि पैसे परत मिळण्यासारखे नाहींत. अशा वेळीं मन म्हणतें, ‘थोडें सोस; एवढें केलेंस तें फुकट घालवूं नको.’ डॉक्टरांनीं मात्र स्पष्ट सांगितलें कीं, हाडावर वारंवार ताण पडून अशी वेदना होते, आणि तसेंच धांवत राहिल्यास हाडास चीर जाते. त्यांनीं तीन आठवडे धांवणें बंद करावयास लावलें. बाईंनीं तें ऐकलें. त्या तीन आठवड्यांत त्या फक्त सायकल चालवीत. मुलानें तक्त्यावर त्या दिवसांपुढें शून्य न लिहितां ‘विश्रांति’ असा शब्द लिहिला. पुढें वेदना गेली. परंतु साडेचार तासांचा जो हिशेब त्यांनीं मनाशीं बांधला होता तो त्यांनीं स्वतःच्या हातानें खोडून टाकला व केवळ नीट पोंचावें एवढाच हेतु ठेवला. ज्या परिचारिकेनें रोग्यांस वर्षानुवर्षें पथ्य सांगितलें, तिनें स्वतः पथ्य पाळून दाखविलें, हें मला शर्यतीपेक्षांही मोठें वाटतें.

आतां अन्नाविषयीं. भात, भाकरी, बटाटा, फळें यांतील पिठूळ व गोड अंशापासून शरीर एक प्रकारची साखर बनवून ती स्नायूंत व यकृतांत सांठवितें. हिला ग्लायकोजन म्हणतात. हा सांठा साधारणपणें चारशें ते पांचशें ग्रॅम असतो व त्यापासून सोळाशें ते दोन हजार कॅलरी शक्ति मिळते. एक किलोमीटर धांवण्यास वजनाच्या दर किलोमागें सुमारें एक कॅलरी लागते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास सबंध शर्यतीस अडीच हजार कॅलरी पाहिजेत. हिशेब स्पष्ट आहे : जमेपेक्षां खर्च अधिक. अंगांतील चरबीपासून बाकीची भर पडते, पण चरबी सावकाश जळते. म्हणून पुष्कळांची शक्ति तिसाव्या किलोमीटरच्या पुढें एकाएकीं सरते, पाय जड होतात व डोकेंही चालेनासें होतें. यास उपाय तीन आहेत. शर्यतीपूर्वीं दोनतीन दिवस भात-भाकरीचें प्रमाण वाढवावें. आरंभीं वेग आवरावा, कारण वेग जितका अधिक तितकी साखर अधिक जळते. आणि वाटेंत दर तासास तीस ते साठ ग्रॅम साखर पोटांत जाईल असें कांहीं खावें. कोणी बाजारांत मिळणारीं गोड जेलें घेतात; बाईंनीं बी काढलेला खजूर पसंत केला. जें काय घ्यावयाचें तें तयारीच्या लांब धांवेंत आधीं घेऊन पाहावें. शर्यतीच्या दिवशीं नवें अन्न नको, नवे बूटही नकोत.

पाण्यासंबंधीं एक गैरसमज आहे कीं, जितकें अधिक प्यावें तितकें बरें. तें खरें नाहीं. घामावाटे मीठ जातें, आणि वरून केवळ पाणी अतिशय प्यालें तर रक्तांतील सोडियम पातळ होऊन मेंदूस सूज येऊं शकते. क्वचित् मृत्यूही येतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरॅथॉनमध्यें ४८८ जणांचें रक्त शर्यतीनंतर तपासलें, तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांत सोडियमचें प्रमाण असावयास पाहिजे त्याहून कमी झालेलें आढळलें. जे मागें राहून सावकाश जातात त्यांस पिण्यास वेळ अधिक मिळतो, म्हणून हा धोका त्यांसच जास्त. तहान लागेल तसें थोडथोडें प्यावें, हा नियम उत्तम.

येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. बर्लिनच्या शर्यतींत अठरा वर्षांखालील कोणासही प्रवेश नाहीं, आणि तें योग्यच आहे. वाढत्या वयांत हाडांचीं टोंकें कोंवळीं असतात. त्यांवर मोठ्या अंतरांचा मारा करूं नये. तुमचें वय हें खेळांचें, पोहण्याचें, झाडावर चढण्याचें आणि एकदोन मैल आनंदानें धांवण्याचें आहे. पालकांनींही मुलाचें पदक पाहण्याच्या हौसेनें त्यास लांब शर्यतीस जुंपूं नये. पाया हळूहळू भरला तर इमारत पुढें कितीही उंच नेतां येते.

आतां प्रवासाकडे वळूं. या शर्यतीस पैसे भरून सहज जागा मिळते असें नाहीं. आदल्या वर्षीं शरदृतूंत अर्ज करावा लागतो व सोडत काढून नांवें ठरतात. कांहीं जागा धर्मादाय संस्थांसाठीं पैसे जमविणारांस व प्रवासमंडळ्यांमार्फत जाणारांस मिळतात. अर्जांतील नांव पासपोर्टावरील नांवाशीं अक्षरशः जुळलें पाहिजे. लग्नापूर्वींचें नांव एकीकडे व नंतरचें दुसरीकडे असल्यास पुढें अडचण येते. जर्मनीस जाण्यास शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधीं सहा महिन्यांपासून करतां येतो व निदान पंधरा दिवस आधीं केलाच पाहिजे. परंतु उन्हाळ्यांत गर्दी फार असल्यानें मुलाखतीची वेळ मिळण्यासच कांहीं आठवडे जातात, हें लक्षांत ठेवून लवकर हालचाल करावी. पासपोर्ट दहा वर्षांच्या आंत काढलेला, परतीनंतर तीन महिने तरी चालू राहणारा व दोन पानें कोरीं असलेला पाहिजे. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचा हिशेब, कामावरील रजेचा दाखला, राहण्याची व्यवस्था आणि शर्यतींत नांव लागल्याचें पत्र हीं जोडावीं. अर्जांत सर्व खरें लिहावें. एक चुकीची तारीख निस्तरण्यास जितका त्रास पडतो तितका दहा खऱ्या गोष्टी लिहिण्यास पडत नाहीं.

सामान बांधतांना शर्यतीचे बूट व कपडे हातांतील पिशवींत घ्यावेत. बाकीची पेटी वाटेंत हरवली तरी धांवतां येईल. वापरलेले बूट मात्र परदेशीं विकत मिळत नाहींत. आपल्याकडील माणसें प्रवासास निघालीं कीं पेढे व तुपाचा डबा बरोबर देण्याची रीत आहे. परंतु दूधदुभत्याचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघांत बाहेरून नेण्यास प्रवाशांस बंदी आहे; म्हणून भाजलेले पोहे, चिवडा, खजूर असे पदार्थ न्यावेत. विमानांतील हवा फार कोरडी असते व तासन् तास बसून पाय सुजतात. तेव्हां अधूनमधून उठून चालावें व पाणी प्यावें. शर्यतीच्या निदान तीनचार दिवस आधीं पोंचावें.

घड्याळाचा फरक मात्र आपल्या पथ्यावर पडतो. सप्टेंबरांत बर्लिनचें घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागें असतें. तेथें सकाळचे सव्वानऊ, म्हणजे शर्यतीची पहिली तुकडी निघण्याची वेळ, होतात तेव्हां आपल्याकडे पाऊण वाजलेला असतो. म्हणून आपला माणूस तेथें पहांटे चारलाच जागा होतो, आणि शर्यतीच्या वेळेपर्यंत त्याचें शरीर चांगलें हुशार झालेलें असतें. पश्चिमेकडे जाणारास दिवस लांबतो, व लांबलेला दिवस आंखडलेल्या दिवसापेक्षां शरीरास सोसण्यास सोपा जातो. रात्रीं मात्र लवकर झोंप येईल. ती येऊं द्यावी.

बर्लिनमध्यें पोंचल्यावर पहिलें काम म्हणजे स्वतः जाऊन छातीवर लावावयाचा क्रमांक आणणें. हें वाटप अलीकडील वर्षांत टेंपलहोफ या बंद झालेल्या विमानतळाच्या भव्य इमारतींत होत आलें आहे. १९४८-४९ सालीं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली असतां ज्या विमानतळांवर धान्य व कोळसा उतरत असे त्यांतील हा एक. तेथें पासपोर्ट दाखवावा लागतो, व मनगटास एक पट्टी बांधतात ती शर्यतीपर्यंत काढावयाची नसते. दुसरें, रविवारीं जर्मनींतील बहुतेक दुकानें बंद असतात. म्हणून लागेल तें शनिवारींच घ्यावें. तिसरें, तेथील आगगाडीच्या स्टेशनांवर फाटक नसतें व कोणी अडवीत नाहीं; तरी तिकीट काढून त्यावर यंत्रानें छाप उठविलाच पाहिजे. तपासनीस केव्हां येईल याचा नेम नाहीं. आणि तो न आला तरी आपण आपल्या देशाचें नांव घेऊन तेथें गेलेले असतों. शनिवारीं उगाच शहर पाहत फिरूं नये. तें दर्शन शर्यतीनंतरच्या दिवसांस राखून ठेवावें. त्याच संध्याकाळीं कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्यें धांवणारांसाठीं सर्व पंथांची मिळून उपासना होते. १९४३ सालच्या बाँबवर्षावांत मोडलेला या चर्चचा मनोरा मुद्दाम तसाच ठेवला असून शेजारीं १९६१ सालीं नवें चर्च उभें राहिलें आहे. शर्यतीचा मार्गही तिसाव्या किलोमीटरच्या पुढें या भग्न मनोऱ्याजवळून जातो.

शर्यत ‘१७ जूनचा रस्ता’ नांवाच्या रुंद रस्त्यावरून निघते व प्रथम विजयस्तंभाच्या दोन्ही अंगांनीं पुढें जाते. नंतर मोआबिट, शहराचा मध्यभाग, क्रॉइट्सबर्ग, नॉयकोल्न, शोनेबर्ग अशा वस्त्यांतून फिरून ती कुरफ्युर्स्टेनडाम या प्रसिद्ध रस्त्यानें परत येते. आणि अखेरीस ब्रँडेनबुर्ग दरवाजाखालून गेल्यावर थोड्याच अंतरावर समाप्ति होते. रस्त्यावर निळी रेघ ओढलेली असते. अंतर मोजलें आहे तें या रेघेच्या वळणानें. जो रस्त्याच्या या कडेहून त्या कडेस भटकतो तो नकळत कित्येक मीटर अधिक धांवतो. वाटेंत ठिकठिकाणीं पाणी व केळीं मिळतात. तेथें पेल्यांचा खच पडून जमीन निसरडी होते. म्हणून जपून पाऊल टाकावें.

२०२५ च्या २१ सप्टेंबरला बर्लिनमध्यें नेहमींपेक्षां बरीच उष्णता होती, व थंडीची अपेक्षा धरून आलेले पुष्कळ लोक वाटेंत बसले. आमच्या बाईंस ती हवा घरच्यासारखीच वाटली! त्या भग्न मनोऱ्यापाशीं त्यांचे पाय बोलूं लागले, तेव्हां त्यांनीं कमीपणा न मानतां पांच मिनिटें चालण्याचा व दहा मिनिटें धांवण्याचा क्रम धरला. सवासहा तासांच्या मुदतींत, ५ तास ३८ मिनिटांनीं, त्या शेवटच्या रेघेपलीकडे गेल्या. घरीं मुलानें तक्त्याच्या शेवटच्या चौकोनांत ‘४२·१९५’ हा आंकडा लाल शाईनें लिहिला.

याच शहरांतील एक निराळी हकीकतही सांगण्याजोगी आहे. २००७ सालीं मेक्सिकोंतील एक नामांकित राजकारणी गृहस्थ आपल्या वयाच्या गटांत पहिले आले, व त्यांनीं विजयाचे हात उंचावले. परंतु धांवणाराजवळ वेळ नोंदणारी एक लहान चिप असते, आणि ठराविक अंतरावर रस्त्यांत पसरलेल्या पट्ट्या तिची नोंद घेतात. या गृहस्थांची दोन ठिकाणीं नोंदच नव्हती, आणि मधले पंधरा किलोमीटर त्यांनीं एकवीस मिनिटांत तोडल्याचें दिसत होतें! जगांतील श्रेष्ठ धांवपटूंसही तेवढ्या अंतरास सुमारें चाळीस मिनिटें लागतात. अर्थात् त्यांचें नांव यादींतून काढण्यांत आलें. हजारोंच्या मेळ्यांत कोण पाहतो, असें मनांत येणें सोपें आहे. पण न धांवलेल्या रस्त्याचें पदक घरांतील भिंतीवर टांगून रोज त्याकडे पाहणें सोपें नाहीं.

शेवटीं पालकांच्या मनांतील प्रश्न राहतो : इतके पैसे व इतके श्रम खर्चून परदेशीं धांवावयास जाण्यांत काय मिळतें? ज्याच्या घरीं कर्ज आहे किंवा मुलांचें शिक्षण अडलें आहे त्यानें जाऊं नये, असेंच मी सांगेन. आपल्या जिल्ह्यांतील रस्तेही धांवण्यास पुरेसे आहेत, आणि मुंबईची मॅरॅथॉन २००४ सालापासून दर जानेवारींत बहुधा होतेच. परंतु ज्यास शक्य आहे त्यानें प्रामाणिकपणें पैसे सांठवून, अंगास हळूहळू वळण लावून, आणि वेळ आल्यास थांबण्याचें धैर्य बाळगून हें काम केलें, तर तें वायां जात नाहीं. चार महिने नेमानें पहांटे उठणारी आई मुलाच्या डोळ्यांसमोर असली म्हणजे अभ्यासाचा नेम काय असतो हें त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षा हीही एक लांब पल्ल्याची सपाट शर्यतच आहे. जूनमध्यें उधळूं नका, ऑक्टोबरमध्यें बसूं नका, थकल्यावर थोडें चाला. पण निळी रेघ सोडूं नका.